निरुपयोगी गुण

व्हिडिओ गेममध्ये एखादे ठरवून दिलेले काम पुरे झाले की पडद्याच्या कडेला एक लहानशी पट्टी उमटते. तिच्यावर त्या कामाचे नाव असते, शेजारी एक आकडा असतो आणि सोबत हलकासा आवाज होतो. याला ‘अचीव्हमेंट’ म्हणतात. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २००५ मध्ये ‘एक्सबॉक्स ३६०’ हा कन्सोल बाजारात आणला तेव्हा ही पद्धत त्यावरच्या सगळ्या गेमना एकसारखी लागू केली. पूर्ण किमतीच्या प्रत्येक गेमला एकूण १००० गुण, आणि आजवर खेळलेल्या सर्व गेममधल्या गुणांची बेरीज खेळणाऱ्याच्या नावापुढे कायमची. या बेरजेचे नाव ‘गेमरस्कोअर’. २००७ मध्ये संगणकावरच्या ‘स्टीम’ने, २००८ मध्ये सोनीच्या ‘प्लेस्टेशन’ने तीच वाट धरली. सोनीने आकड्यांऐवजी करंडक ठेवले: कांस्य, रौप्य, सुवर्ण, आणि सगळे जमवले की प्लॅटिनम.

हे गुण खर्च करता येत नाहीत. त्यांनी गेममधले पात्र बलवान होत नाही, पुढचा दरवाजा उघडत नाही. तरी माणसे त्यांच्यासाठी रात्री जागवतात. मार्च २०१४ मध्ये एका अमेरिकन खेळाडूचा गेमरस्कोअर दहा लाखांवर गेला. हिशेब केला तर ते हजार गेम पूर्णपणे धुंडाळून काढल्यासारखे आहे. सव्वाआठ वर्षांत, म्हणजे सरासरी दर तीन दिवसांना एक. हा माणूस काय मिळवत होता? आणि ज्याला दहा लाख नकोत, पण एका आवडत्या गेममधले शेवटचे चाळीस गुण राहिले म्हणून चैन पडत नाही, त्या साध्या खेळाडूला नेमके काय हवे असते?

हा प्रश्न मला पडतो त्याला मी राहते ती जागाही कारण आहे. बेंगळुरूच्या कोरमंगल्यात खेळ आणि गुण हे दोन्ही शब्द हवेत असतात. इथे ‘नॅशनल गेम्स व्हिलेज’ नावाची मोठी वसाहत आहे. १९९७ साली राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा बेंगळुरूला झाल्या तेव्हा खेळाडूंच्या निवासासाठी ती बांधली. त्या स्पर्धेत कोणाला किती पदके मिळाली हे आज त्या इमारतींत राहणाऱ्यांना विचारले तर कोणी सांगू शकेल असे वाटत नाही. पण बसथांब्यापासून घरपट्टीपर्यंत सगळीकडे ‘गेम्स व्हिलेज’ हे नाव टिकून आहे. त्याच १९९७ साली याच शहरात ‘ध्रुवा इंटरॅक्टिव्ह’ सुरू झाली. देशातल्या अगदी पहिल्या व्हिडिओ गेम कंपन्यांपैकी ती एक, आणि २०१९ मध्ये ती ‘रॉकस्टार’ने विकत घेतली. दहा वर्षांनी, २००७ मध्ये, कोरमंगल्यातल्याच एका फ्लॅटमधून ‘फ्लिपकार्ट’ निघाली. तेव्हापासून हा भाग पीजीमध्ये राहणाऱ्या, लॅपटॉप पाठीवर घेऊन हिंडणाऱ्या पोरापोरींचा झाला. त्यांचे काम गुणांवर चालते, त्यांच्यासाठी जेवण आणणाऱ्यांचे काम गुणांवर चालते, आणि रात्री दमून ही मंडळी पुन्हा गुणच मिळवायला बसतात.

या वागण्याची दोन सोपी स्पष्टीकरणे नेहमी दिली जातात. पहिले व्यसनाचे: मेंदूला बक्षिसाची चटक लागते, कंपन्या ती जाणूनबुजून लावतात. यात तथ्य आहे. पण व्यसनाने गुणांची नेमकी गोष्ट उलगडत नाही. चटक लावायला आवाज आणि झगमगाट पुरेसा असतो; तो गेममध्ये आधीच भरपूर आहे. बेरीज कायम राहावी, ती प्रामाणिकपणे मिळालेली असावी, असा हट्ट चटक धरत नाही. गुणांच्या बाबतीत मात्र तो असतो. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने लबाडीने गुण वाढवणाऱ्या काही खेळाडूंचा गेमरस्कोअर शून्यावर आणला आणि त्यांच्या खात्यावर लबाड असल्याचा शिक्का मारला. ज्या आकड्याने काहीच मिळत नाही, त्यात कोणी खाडाखोड केली तर शिक्षा कशाला? जुगारी मित्राने पत्ते लपवले तर आपले पैसे जातात. इथे कोणाचे काही जात नव्हते. तरीही शिक्षा होणे रास्त आहे असे खेळणाऱ्यांना वाटते, त्या अर्थी या आकड्यात काहीतरी खरे आहे, अशी त्यांची धारणा आहे.

दुसरे स्पष्टीकरण मिरवण्याचे. तेही अर्धेच. ज्यांच्या यादीत चार मित्र आहेत आणि त्यातले तिघे आता खेळत नाहीत, असे लोकही शेवटचे गुण सोडत नाहीत. पाहणाऱ्याशिवाय मिरवणे होत नाही. मग हा माणूस कोणाला दाखवतो आहे?

याचे उत्तर शोधताना मला आपल्या जुन्या खेळांकडे पाहावेसे वाटते. विटीदांडूत विटी कुठवर गेली ते दांडूने मोजत येताना म्हणत: वकट, लेंड, मूंड, नाल. मोजणी जिथे संपेल त्यावरून पुढचा टोला कसा मारायचा ते ठरे. हे आकडे मराठी नाहीत. तेलुगूत ओकटी, रेंडु, मूडु, नालुगु. कन्नडमध्ये ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. कोरमंगल्याच्या भाजीबाजारात मोजणी कानावर पडते तेव्हा मला विटीदांडूची आठवण येते. शेकडो वर्षे मराठी मुले दक्षिणेकडच्या भाषांतले आकडे खेळात वापरत आली आणि बाजारात, शाळेत मात्र एक-दोन-तीन म्हणत राहिली. जणू खेळातली मोजणी वेगळी असावी, तिची सरमिसळ पैशांच्या मोजणीशी होऊ नये, अशी काळजीच कोणी घेतली होती. ती मुद्दाम घेतली होती असे नाही, पण परिणाम तोच झाला. मूंडचा कोणाला हिशेब द्यावा लागत नसे.

शिवाय ती मोजणी संध्याकाळी संपे. दिवे लागले, आईने हाक मारली की डाव मोडला. काल तुझे किती झाले होते हे आज चालत नसे. अचीव्हमेंटचे वेगळेपण इथे दिसते. गेमच्या आतला स्कोअर हा विटीदांडूतल्या मोजणीसारखा: डावापुरता. अचीव्हमेंट डावाबाहेर साठते, एका गेममधून दुसऱ्यात जाते, वर्षानुवर्षे राहते. तिच्यावर तारीख असते. अमुक वर्षी, अमुक दिवशी, रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी तू हे केलेस.

मला वाटते, गुणांच्या ओढीचे पहिले खरे कारण हे आहे. व्हिडिओ गेम हातात काही ठेवून जात नाही. चाळीस तास खर्च करून एक राज्य वाचवले, एक दुष्ट राजा मारला. कन्सोल बंद केला की त्या चाळीस तासांचा मागमूस नाही. विणकाम करणाऱ्याकडे स्वेटर उरतो, वाचणाऱ्याकडे निदान पुस्तक फळीवर दिसते. खेळणाऱ्याकडे साक्षीदार नसतो. ही गरज कन्सोलच्या आधीपासूनची आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘ॲक्टिव्हिजन’ ही कंपनी खेळाडूंना सांगत असे की ठरावीक स्कोअर झाला की टीव्हीच्या पडद्याचा फोटो काढून आम्हाला टपालाने पाठवा. ‘पिटफॉल’मध्ये २०,००० गुण झाले की घरी एक भरतकाम केलेला कापडी बिल्ला येई. पोरे तो जॅकेटवर शिवून घेत. त्या बिल्ल्याची किंमत काही पैसे असेल, पण त्याचा अर्थ असा होता की हे घडले आणि ते दुसऱ्या कोणीतरी मान्य केले. म्हणजे एकटा खेळाडू दाखवतो आहे तो बहुधा स्वतःलाच, पुढच्या वर्षीच्या स्वतःला. यात मिरवण्यापेक्षा डायरी लिहिण्याचा भाग अधिक आहे.

दुसरे कारण लक्षाचे. मन एका जागी ठरत नाही, त्याला धरायला काहीतरी लागते, हे आपल्याकडे फार पूर्वी ओळखले गेले. जपमाळ हे त्यासाठी केलेले साधन. १०८ मणी, आणि मेरुमणी आला की तो ओलांडायचा नाही, माळ फिरवून उलट निघायचे. परंपरा सांगते की समर्थ रामदासांनी नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षांत तेरा कोटी रामजप केला. याचाही हिशेब करून पाहण्यासारखा आहे: रोजचे सुमारे तीस हजार, एका जपाला एक सेकंद धरला तरी रोज आठ तास. आकडा परंपरेचा आहे, तो तपासायचा नाही. पण परंपरेला तो आकडा सांगावासा वाटला ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. आजही घरोघरी जपाच्या वह्या भरणारी माणसे आहेत. त्यांना विचारले तर ती सांगतील की नाम मोजायचे नसते, आणि किती वह्या झाल्या हेही सांगतील. यात मला ढोंग दिसत नाही. मोजणी हा कठडा आहे. जिना चढायचा असतो, आधार कठड्याचा असतो.

गेममधल्या चांगल्या अचीव्हमेंट असेच करतात. वाटेत न दिसणारी एक दरी, एकदाही हत्यार न वापरता पार करायची एक फेरी, एका म्हाताऱ्या पात्राशी तीन वेळा येऊन बोलणे: हे करा असे यादी सुचवते आणि खेळाडू नुसता शेवटाकडे धावायचा थांबतो. बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने १९७८ च्या ‘द ग्रासहॉपर’ या पुस्तकात खेळाची व्याख्या केली, तिचा आशय असा की खेळ म्हणजे अनावश्यक अडथळे आपणहून पत्करून ते ओलांडण्याचा प्रयत्न. विटी हातात उचलून लांब नेऊन ठेवता येते. दांडूने टोलवायची हे आपण मान्य करतो म्हणून खेळ होतो. अचीव्हमेंट हा त्यावर घातलेला आणखी एक अनावश्यक अडथळा. तो पत्करणारा वेडा असेल तर मुळात खेळणाराच वेडा आहे.

इथवर गुणांची बाजू मांडली. आता त्यांचा त्रास.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांना हा त्रास चांगला ठाऊक आहे. पहिल्या वर्षी माणूस गडावर जातो. पाचव्या वर्षी तो ‘गड करतो’. अलंग-मदन-कुलंग झाले का? कळसूबाई झाले का? १६४६ मीटर, राज्यातले सर्वांत उंच शिखर, म्हणजे ते यादीत हवेच. शंभर गड पुरे करायचे म्हणून शनिवार-रविवारी तीन-तीन गड उरकणारे लोक आहेत, आणि यादी नसती तर ते कधी घराबाहेर पडले नसते हेही खरे आहे. त्यांच्या उलट गो. नी. दांडेकर. त्यांनी गड पुष्कळ पाहिले, पण राजगडावर ते पुन्हापुन्हा जात राहिले. यादीच्या हिशेबात राजगड एकदाच मोजला जातो. दुसऱ्यांदा गेलात तर गुण शून्य. मग यादी पाळणारा माणूस दुसऱ्यांदा जाणार नाही, आणि गडाची ओळख तर दुसऱ्या खेपेपासूनच सुरू होते.

गेममध्ये याचे टोकाचे उदाहरण २००७ मध्ये घडले. लहान मुलांच्या एका कार्टून मालिकेवरचा ‘अवतार: द बर्निंग अर्थ’ हा गेम एक्सबॉक्सवर आला. त्यात सुरुवातीलाच एका जागी उभे राहून एकच बटण दाबत राहिले की पाच मिनिटांच्या आत सगळे १००० गुण मिळत. ज्यांना त्या मालिकेशी किंवा त्या गेमशी काही देणेघेणे नव्हते, अशा मोठ्या माणसांनी तो मिळवला, पाच मिनिटे बटण दाबले आणि परत केला. सूट्सच्या व्याख्येत हे कुठेच बसत नाही. अडथळा नाही, प्रयत्न नाही, खेळच नाही. गुण मात्र खरे, आणि इतर कोणत्याही १००० गुणांइतकेच.

सी. थी न्गुयेन या अमेरिकन तत्त्वज्ञाने ‘गेम्स: एजन्सी ॲज आर्ट’ या २०२० च्या पुस्तकात या रोगाचे चांगले निदान केले आहे. खेळात आपण काही वेळापुरते एक सोपे, स्पष्ट ध्येय अंगावर चढवतो आणि डाव संपला की उतरवून ठेवतो. चढवणे-उतरवणे हीच खेळाची कला. धोका केव्हा, तर बाहेरच्या जगातल्या आपल्या गुंतागुंतीच्या, हळूहळू उमजणाऱ्या मूल्यांच्या जागी कोणी असाच एक सोपा आकडा बसवतो आणि तो उतरवायचे आपल्याला सुचत नाही. मग माणूस चालणे विसरतो आणि पावले मोजतो.

मराठीत हा सारा घोटाळा एका शब्दात साठवलेला आहे. परीक्षेत मिळतो तो गुण. माणसात असतो तो गुण. आणि औषधाचा येतो तोही गुण. पहिला बाहेरून दिला जातो आणि मोजता येतो. दुसरा आत असतो आणि मोजता येत नाही. तिसरा म्हणजे परिणाम: औषध पोटात गेले, बाहेरून काही दिसले नाही, पण सकाळी ताप उतरलेला होता. ‘वाण नाही पण गुण लागला’ असे आपण म्हणतो तेव्हा याच तिसऱ्या अर्थाच्या जवळ असतो, सहवासाचा नकळत झालेला परिणाम. भाषेने तिन्हींना एकच शब्द दिला, कारण तिन्ही एकमेकांसोबत असावेत अशी अपेक्षा असते. ज्याच्यात गुण आहे त्याला गुण मिळावेत, आणि शिक्षणाचा गुण यावा. शाळेत काय होते ते प्रत्येकाला माहीत आहे.

याचे एक नेमके उदाहरण आपल्या राज्यात आहे. महाराष्ट्रात चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा पिढ्यान्‌पिढ्या मुले देत आली. चित्रे काढायला आवडतात म्हणून बसणारी मुले पूर्वीही होती, आजही आहेत. पण या परीक्षांच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळू लागले, तेव्हा वर्गातल्या रांगा वाढल्या. ज्याला टक्केवारी वाढवायची आहे तो चित्रकलेला बसतो. दहावी झाल्यावर यातल्या किती जणांनी पुन्हा ब्रश हातात धरला? मी आकडा देणार नाही; प्रत्येकाने आपल्या ओळखीतली चार मुले आठवून पाहावीत.

अमेरिकेत १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर केलेला प्रयोग हाच आहे. चित्रे काढायला मुळातच आवडणारी मुले निवडली. काहींना आधी सांगितले की चित्र काढलेत तर सोनेरी तारा आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिले. काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी पाहिले तर आधी कबूल करून बक्षीस मिळालेली मुले आपणहून चित्रांकडे कमी वळत होती. न सांगता बक्षीस मिळालेल्यांचे काही बिघडले नव्हते. हा दुसरा भाग पुष्कळदा सांगायचा राहून जातो. गेममध्ये काही अचीव्हमेंट गुप्त असतात, मिळेपर्यंत त्यांचे नाव दिसत नाही. खेळाडूंना त्या विशेष आवडतात याचे कारण इथे असावे. अवचित मिळालेला गुण शाबासकीसारखा लागतो. आधी जाहीर केलेला गुण मजुरीसारखा.

मग गुण वाईट, असे म्हणून मोकळे व्हावे का? निन्टेन्डोच्या ‘स्विच’वर अशी सार्वत्रिक गुणांची व्यवस्थाच नाही, आणि त्यावर लोक आनंदाने खेळतात. तसे म्हणणे सोपे आहे. पण एका मुलाच्या बोलण्याने माझे उत्तर तिथे थांबले नाही.

आमच्या गल्लीत निपाणीकडचा एक मुलगा तिघांबरोबर खोली घेऊन राहतो. दिवसा जेवणाची पार्सले पोचवतो, रात्री जुना, दुसऱ्या हातचा एक्सबॉक्स लावून बसतो. मराठी बोलणारी बाई म्हणून जाता-येता थांबतो. एकदा मी त्याला विचारले, “अरे, दिवसभर त्या ॲपच्या पॉइंटांमागे धावतोस, रात्री परत पॉइंटच कसले मिळवतोस? कंटाळा येत नाही?”

तो हसला. म्हणाला, “काकू, दिवसाचे पॉइंट कधी का कमी झाले ते कुणी सांगत नाही. पाऊस होता, गिऱ्हाईकानं फोन उचलला नाही, सिग्नलला अर्धा तास गेला, ते सगळं माझ्याच नावावर. रात्रीच्याचं तसं नाही. काय केलं की किती मिळणार ते आधी लिहिलेलं असतं. केलं की मिळतं. आणि मिळालेलं कुणी काढून घेत नाही.”

पाऊस पडलेल्या संध्याकाळी कोरमंगल्यातल्या एखाद्या हॉटेलाबाहेर उभे राहिले तर त्याच्या बोलण्याचा अर्थ कळतो. पंधरा-वीस दुचाकी, प्रत्येकाच्या हातात फोन, आणि फोनवर एक आकडा जो त्यांनी ठरवलेला नाही. आतल्या काचेच्या कचेऱ्यांतही फार वेगळे नसते. वर्षाच्या शेवटी मूल्यमापन होते, पाचपैकी किती ते कळते, आणि तीन का व चार का नाही याचे उत्तर कोणाकडेच नसते. एका ठरावीक वक्रात सगळ्यांना बसवायचे असते, म्हणून कोणाला तरी तीन. अशा शहरात कुठेतरी एक हिशेब सरळ असावा असे माणसाला वाटत असेल, तर ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. अटी आधी सांगितलेल्या, सगळ्यांना सारख्या, मिळालेले परत न घेतले जाणारे: एरवी आपण याला न्याय म्हणतो. तो मुलगा रात्री मजा तर शोधतोच, पण दिवसा न मिळालेल्या न्यायाचे एक छोटे प्रतिरूपही त्याला तिथे सापडते. गुणांच्या ओढीचे हे तिसरे कारण, आणि माझ्या मते सर्वांत खोल.

इथे एक विचित्र गोष्ट दिसते. दिवसाचे आणि रात्रीचे गुण दिसायला सारखेच आहेत. तीच पट्टी, तोच आवाज, तेच ‘आणखी दोन केलेत की बोनस’. कामाच्या ॲपने ही भाषा खेळाकडून उचलली, पण उचलताना तीन गोष्टी मागे ठेवल्या: अटींचा उघडपणा, मिळालेल्याची शाश्वती, आणि नको तेव्हा उठून जाण्याची मुभा. कर्नाटकाने २०२५ मध्ये गिग कामगारांसाठी कायदा केला. आपल्या कामावर परिणाम करणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेविषयी माहिती मागण्याची तरतूद त्यात आहे. ती कितपत उतरते ते दिसेलच. पण मागणी काय आहे पाहा: कामाच्या गुणांनी निदान खेळातल्या गुणांइतके प्रामाणिक असावे.

यावर कोणी म्हणेल, मग खेळातल्या गुणांना थोडी किंमत आली तर काय बिघडले? त्या मुलाचे रात्रीचे श्रम तरी कामी येतील. पैसे लावून खेळायच्या ॲपनी आपल्याकडे हेच सांगितले. कर्नाटकाने २०२१ मध्ये त्यांवर बंदी आणली, २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने देशभरासाठी कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, ई-स्पोर्ट्स आणि साधे खेळ मात्र वेगळे काढले. बंदी योग्य की अयोग्य हा निराळा वाद. तत्त्वाच्या पातळीवर मात्र कायद्याने एक जुनी रेघ पुन्हा ओढली: वकट-लेंड एका बाजूला, एक-दोन-तीन दुसऱ्या बाजूला. ज्या दिवशी रात्रीच्या गुणांचे रुपये होतील त्या दिवशी ते दिवसाच्या गुणांसारखेच होतील. कोणीतरी त्यांचा दर ठरवेल, तो बदलेल, आणि उठून जाणे परवडणार नाही. गुणांचा निरुपयोग हे त्यांचे कुंपण आहे.

हे कुंपण अभेद्य नाही, हेही सांगायला हवे. गुण फुकट वाटणारी कंपनी भोळी नसते. वीस वर्षांची बेरीज एका कंपनीच्या खात्यावर साठली की दुसऱ्या कंपनीचा कन्सोल घ्यायला हात धजत नाही. गुण बरोबर नेता येत नाहीत. खेळाडूला जी डायरी वाटते तिची मालकी दुसऱ्याकडे आहे. आणि उठून जाण्याची मुभा कागदावर असून भागत नाही. ‘द स्टॅन्ली पॅरेबल’ या २०१३ च्या गेममध्ये एक अचीव्हमेंट अशी ठेवली आहे: हा गेम पाच वर्षे खेळू नका. खेळणाऱ्यांना बाहेर मोकळ्या हवेत जा असे सांगणारी ती थट्टा होती. काही जणांनी संगणकाचे घड्याळ पाच वर्षे पुढे केले आणि ती लगेच मिळवली. न खेळण्याचा गुणही खेळूनच घेतला.

त्या घड्याळ फिरवणाऱ्यांवर मी हसले, पण निपाणीच्या मुलावर हसावेसे वाटले नाही. फरक कशाचा, याचा विचार करते तेव्हा पुन्हा त्या तिसऱ्या अर्थापाशी येते. गुण मिळाले की नाही हे पट्टी सांगते. गुण आला की नाही हे पट्टीला कळत नाही. यादीमुळे एखादा त्या दरीत उतरला, तिथे थांबला, आणि नंतर यादीशिवायही थांबू लागला, तर गुण आला. हट्टाने चाळीसदा हरून एकदा जिंकला आणि दुसऱ्या दिवशी कामावर, जिथे हिशेब सरळ नाही तिथे, तो सरळ असावा असे म्हणायचे धैर्य त्याला आले, तरी गुण आला. पाच मिनिटे बटण दाबले आणि हजार मिळाले, तर मिळाले.

तेव्हा गुणांच्या मागे लागलेल्या मुलाला कशासाठी हे विचारण्याआधी, मी आता दुसरे विचारते: हे गुण कोणी ठरवले, त्यांचे पैसे होतात का, आणि तुला नको असतील तेव्हा ठेवून देता येतात का? रात्रीच्या खेळाबद्दल या प्रश्नांची उत्तरे बहुतेक वेळा बरी येतात. हेच प्रश्न आपण शाळेतल्या गुणांना, कचेरीतल्या श्रेणीला आणि दुचाकीवरच्या फोनला विचारू लागलो, तर काळजी कोणत्या गुणांची करायला हवी ते आपोआप दिसू लागेल.